नवे ब्रेक का ओरडतात?

जुन्या वस्तूने कुरकुर केली तर आपण ती चालवून घेतो. दाराची बिजागरी कुरकुरते, पलंग कुरकुरतो, घरातले वडीलधारे माणूसही अधूनमधून कुरकुरते. त्यात कोणाला नवल वाटत नाही. परंतु नव्या वस्तूने कुरकुरावे हे मात्र आपल्याला मुळीच सहन होत नाही. मोटारीच्या ब्रेकचे पॅड बदलले, डिस्कही नव्या घातल्या, चांगले पैसे मोजले, ‘आता दोन-तीन वर्षे बघायला नको’ असा निर्वाळाही गॅरेजवाल्याने दिला. आणि चौथ्या दिवशी सिग्नलपाशी गाडी थांबवताना असा काही कर्कश आवाज निघाला की फुटपाथवरची माणसे वळून पाहू लागली. मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो असा की आपण फसलो. दुसरा विचार त्याहून वाईट असतो: हे ब्रेक ऐन वेळी लागतील ना?

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधता येतात, आणि त्यासाठी इंजिनियरिंगची पदवी लागत नाही. मी तर्कशास्त्र शिकवतो. तर्कशास्त्राचा आणि गॅरेजचा संबंध काय, असे आपण विचाराल. संबंध असा की, कार्यावरून कारणाकडे कसे जावे हाच आमच्या शास्त्राचा धंदा. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तेथे अग्नी असला पाहिजे, हे आपल्या नैयायिकांचे आवडते उदाहरण. मग चाकापाशी आवाज आला तर तेथे काय असले पाहिजे? आपला प्रश्न एवढाच आहे.

प्रथम आवाज होतो कसा ते पाहू. चाकाच्या आत बिडाची एक जाड तबकडी चाकाबरोबर फिरत असते. हीच डिस्क, कोणी तिला रोटर म्हणतात. तिच्या दोन्ही अंगांना एकेक पॅड असतो. पॅड म्हणजे एक पोलादी पट्टी आणि तिच्यावर घट्ट बसवलेला घर्षणाच्या मसाल्याचा थर. ही जोडी कॅलिपर नावाच्या चिमट्यात बसलेली असते. आपण पाय दाबला की ब्रेक ऑइलचा दाब कॅलिपरमधल्या पिस्टनवर येतो, पॅड डिस्कला दोन्हीकडून आवळतात, गाडीच्या गतीची उष्णता होते आणि गाडी थांबते.

आता किंचाळण्याचा दाखला. तो आम्हा मास्तर मंडळींच्या हातात रोजच असतो. कोरा लांब खडू फळ्यावर जरा उभा धरून ओढला की तो असा किंचाळतो की शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांच्या अंगावर शहारे येतात. कारण असे, की खडू क्षणभर फळ्याला चिकटतो, मग सुटतो, पुन्हा चिकटतो, पुन्हा सुटतो. दोन वस्तू एकमेकींवर स्थिर असताना त्यांच्यातले घर्षण अधिक असते आणि सरकू लागल्या की ते कमी होते. म्हणून हा चिकटण्या-सुटण्याचा खेळ चालू राहतो, आणि तोही सेकंदाला शेकडो, हजारो वेळा. सारंगीवर गज फिरतो तेव्हा हेच घडते. फक्त तिथे मागे कलावंताचा हात असतो. हाच खडू तिरका धरला, किंवा मोडून आखूड केला, की बहुधा त्याचे किंचाळणे थांबते. खडू तोच, फळाही तोच. बदलली ती फक्त धरण्याची रीत. एवढे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

ब्रेकमध्ये पॅड हा खडू आणि डिस्क हा फळा. त्यात डिस्क पडली बिडाची, गोल आणि झांजेसारखी घुमणारी. तिला कंप मिळाला की ती आपल्या अंगच्या सुरात वाजू लागते. हा सूर साधारणपणे सेकंदाला एक हजारापासून पंधरा-सोळा हजार कंपनांपर्यंत कुठेही असू शकतो. आणि माणसाचा कान सर्वांत तिखट असतो तो दोन ते पाच हजारांच्या आसपास. त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा कंपही कानाला भाल्यासारखा टोचतो. हे दुखणे काही आजचे नव्हे. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर याने १९०२ साली डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. त्याच्या ब्रेकमध्ये लोखंडी तबकडीला तांब्याचे पॅड आवळत. आणि धातूवर धातू घासून जो आवाज होई तो ऐकवत नसे. पुढे १९५३ साली ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार पहिली आली, १९५५ साली सित्रोएनच्या ‘डीएस’ गाडीने हे ब्रेक सर्वसाधारण गिऱ्हाइकापर्यंत आणले, आणि मग ते जगभर पसरले. म्हणजे ब्रेकचे यश नंतरचे. किंचाळणे मात्र जन्मापासूनचे!

यातून एक गोष्ट निघते. किंचाळणारा ब्रेक हा निकामी ब्रेक असतोच असे नाही. आणि मुकाट ब्रेक हा धडधाकट ब्रेक असतो असेही नाही. म्हणून आवाज आला की घाबरूही नये, आणि त्याचे तोंड दाबण्याची घाईही करू नये. आधी त्याची उलटतपासणी घ्यावी. त्यासाठी चार प्रश्न पुरेत.

पहिला प्रश्न: आवाज पाय ठेवल्यावर येतो की काढल्यावर? ब्रेक दाबल्यावरच येत असेल तर तो पॅड आणि डिस्क यांच्या घर्षणातला असावा. याउलट ब्रेक न दाबता, नुसत्या चालत्या गाडीतून बारीक किणकिण किंवा खरखर ऐकू येत असेल, तर फिरत्या डिस्कला काहीतरी जाऊन लागते आहे. डिस्कच्या मागे पातळ पत्र्याचे एक झाकण असते. काम करताना ते वाकणे फार सोपे. मग ते डिस्कला चाटत राहते. कधी त्या फटीत बारीक खडा अडकतो. काही पॅडना पोलादाची एक छोटी जीभ असते. मसाला झिजून दोनतीन मिलिमीटर उरला की ती डिस्कला टेकावी आणि मालकाला जाग यावी, अशी ती योजना. पॅड उलटसुलट बसवले, किंवा ही जीभ वाकली, तर नवा पॅडही पहिल्या दिवसापासून ‘मी संपलो’ म्हणून ओरडत राहतो.

दुसरा प्रश्न: वेग कमी होताना सूर बदलतो का? हा प्रश्न फार कामाचा आहे, बरं का. लहान मोटारीच्या चाकाचा घेर साधारण १.८ मीटर धरा. गाडी ताशी वीस किलोमीटरने जात असेल तर चाक सेकंदाला तीन फेरे घेते. वेग दहावर आला की दीड. जर आवाज ‘खर्र, खर्र, खर्र’ असा ठेक्यात येत असेल आणि गाडीबरोबर तो ठेकाही संथ होत असेल, तर तो चाकाच्या फेऱ्याशी बांधलेला आहे: पत्रा घासतो आहे, नाही तर डिस्क वाकडी फिरते आहे. पण जर तो एकसुरी, बारीक, उंच असेल आणि गाडी थांबेपर्यंत सूर जवळजवळ तोच राहत असेल, तर तो डिस्कच्या अंगचा सूर. म्हणजेच आपला खडू-फळा.

तिसरा प्रश्न: केव्हा? रात्रभर गाडी पावसात किंवा दमट हवेत उभी राहिली की बिडाच्या डिस्कवर तांबूस गंज धरतो. कोकणात पावसाळ्यात तर एका रात्रीतच धरतो. सकाळी पहिल्या चारपाच वेळा ब्रेक लावताना हा गंज खरवडून निघतो आणि आवाज आपोआप थांबतो. त्यासाठी गॅरेजची पायरी चढण्याचे कारण नाही. आवाज दिवसभर राहतो का, गाडी तापल्यावरच येतो का, हलका पाय ठेवला की येतो आणि जोराने दाबला की थांबतो का, हे मात्र लिहून ठेवावे. वळण घेतानाच आवाज येत असेल आणि ब्रेकशी त्याचा काही संबंध नसेल, तर चाकाचे बेअरिंग किंवा अ‍ॅक्सलचा जोड तपासायला हवा.

चौथा प्रश्न: कोणत्या चाकातून? आपल्याकडच्या पुष्कळ छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. काम झाले पुढे म्हणून आवाजही पुढूनच येतो, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात मागच्या ड्रममध्ये साठलेली भुकटी ओरडत असते. याला म्हणतात आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मोकळ्या, सुरक्षित जागी सावकाश गाडी चालवायला कोणाला तरी सांगावे आणि आपण बाजूला उभे राहून कान द्यावा. भिंतीलगतच्या रस्त्यावर काचा खाली करून चालवले तर आवाज भिंतीवरून परत येतो आणि बाजू नेमकी कळते.

आमच्या वसाहतीतल्या एका गृहस्थांच्या गाडीची गोष्ट या ठिकाणी सांगण्यासारखी आहे. पुढच्या दोन्ही चाकांना नवे पॅड आणि नव्या डिस्क घातल्यावर आठवड्याच्या आत उजवे चाक ओरडू लागले. गॅरेजवाला म्हणाला, पॅड डुप्लिकेट निघाले. ते बदलले. आवाज तसाच. मग डिस्क लेथवर घासून आणली. पुन्हा खर्च, पुन्हा आवाज. शेवटी एका वयस्कर मिस्त्रींनी गाडी बघितली आणि हत्याराला हात लावण्यापूर्वी एवढेच विचारले, ‘‘साहेब, डावं चाक ओरडतं का?’’ नव्हते ओरडत. ‘‘मग पॅडना कशाला शिव्या देता? एकाच डब्यातले चार पॅड. दोन इकडं, दोन तिकडं.’’

तर्कशास्त्राच्या वर्गात हे शिकवायला मला दोन तास लागतात. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ सालच्या आपल्या ग्रंथात यालाच व्यतिरेकाची पद्धती म्हणून सांगितले आहे. दोन प्रसंग सर्व बाबतींत सारखे असावेत, एकात कार्य घडावे, दुसऱ्यात घडू नये. मग ज्या एका बाबतीत ते वेगळे असतील तिथेच कारण धुंडाळावे. डाव्या-उजव्या चाकांचा माल एक, दिवस एक, रस्ता एक. वेगळी राहिली ती बसवणी. मिस्त्रींनी चाक खोलले. पॅडच्या दोन्ही टोकांना धरून ठेवणाऱ्या पोलादी क्लिपा उजवीकडे घातलेल्याच नव्हत्या, आणि पॅडच्या पाठीवरची पातळ पट्टी, जिला शिम म्हणतात, तीही नव्हती. पॅड आपल्या जागेत थरथरत होता. क्लिपा आणि शिमा बसवल्यावर आवाज गेला. खडू तोच, फळा तोच. फक्त धरण्याची रीत सुधारली.

पॅड आणि डिस्क दोन्ही नवे असतील तर दोष मालापेक्षा बसवणीत असण्याचा संभव जास्त, असे माझे मत झाले आहे ते यामुळे. म्हणून गाडी परत नेताना ‘आवाज घालवा’ असे मोघम सांगू नये. पुढील गोष्टी आपल्यासमोर पाहायला सांगाव्यात.

एक, क्लिपा आणि शिमा आहेत का? जुन्या, गंजलेल्या क्लिपा पुन्हा घातल्या असतील तर नव्या घालाव्यात. दोन, कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या मोकळ्या आहेत का? पीन अडकली की एक पॅड सतत घासत राहतो, आतला पॅड बाहेरच्यापेक्षा लवकर झिजतो आणि चाक तापते. पिनांना आणि पॅडच्या पाठीला उष्णता सोसणारे, ब्रेकसाठीचे खास ग्रीस अगदी थोडे लावतात. साधे ग्रीस चालत नाही. त्याने रबर फुगते. आणि पॅडच्या तोंडाला किंवा डिस्कला ग्रीसचा थेंबही लागता कामा नये. तीन, डिस्क बसवण्यापूर्वी हबचे तोंड तारेच्या ब्रशने साफ केले होते का? तिथे गंजाचा पापुद्रा राहिला तर डिस्क किंचित तिरकी बसते. किती तिरकी चालते? डायल गेज लावून मोजली तर पुष्कळ गाड्यांत ही मर्यादा ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे जवळजवळ केसाच्या जाडीइतकी. हा दोष पहिल्या दिवशी जाणवत नाही. काही हजार किलोमीटर झाले की डिस्क कुठे जाड कुठे पातळ होते आणि ब्रेकचे पेडल पायाखाली धडधडू लागते. चाकाचे नट समोरासमोरचे, क्रमाने आणि सारख्या जोराने आवळायचे, ते याचसाठी. चार, नवी डिस्क पुसली होती का? गंजू नये म्हणून तिला कारखान्यातून तेल लावून पाठवतात. ते ब्रेक क्लीनरने साफ न करता तशीच बसवली की ते तेल पॅडमध्ये मुरते. तेल मुरलेला पॅड धुऊन सुधारत नाही. तो बदलावाच लागतो, आणि दोन्ही चाकांचे एकदम.

याशिवाय एक गोष्ट मालकाच्या हातची आहे. नवे पॅड आणि नवी डिस्क यांचे एकमेकांशी जमायला थोडा अवधी लागतो. पॅडचा मसाला डिस्कवर अगदी पातळ आणि सारखा चढावा लागतो. त्यासाठी रिकाम्या, सुरक्षित रस्त्यावर ताशी पन्नास-साठच्या वेगावरून मध्यम दाबाने दहा-पंधरापर्यंत गाडी आणावी, पूर्ण थांबवू नये, थोडी चालवून ब्रेक गार होऊ द्यावेत आणि पुन्हा तसेच करावे. असे आठदहा वेळा केले की पुरते. पॅडच्या डब्यात कंपनीची चिठ्ठी असेल तर तिच्यातली पद्धत पाळावी, कारण प्रत्येक मसाल्याचा स्वभाव निराळा. ज्यात धातूचा चुरा अधिक असतो तो पॅड उष्णता चांगली सोसतो पण बोलतो जास्त. ज्याला बाजारात सिरॅमिक म्हणतात तो बहुधा शांत असतो. हे माहीत असले म्हणजे थोड्याशा आवाजाने जीव खाली-वर होत नाही.

नव्या पॅडचा आणखी एक शत्रू म्हणजे घाट. समजा, १२०० किलोची गाडी ५०० मीटर उंचीचा घाट उतरली, आणि सगळा भार ब्रेकनेच सोसला. तर जी उष्णता निर्माण होईल तिच्यावर सुमारे १८ लिटर साधे पाणी उकळीला येईल. अहो, दोन कळशा आंघोळीचे पाणी! एवढ्या तापाने पॅडचे तोंड काचेसारखे चकचकीत होते, मग ते घसरते आणि ओरडते. आणि त्याहून गंभीर म्हणजे, अतिशय तापलेला ब्रेक धरतच नाही. म्हणून उतारावर खालच्या गिअरमध्ये राहावे, इंजिनाला गाडी धरू द्यावी, आणि ब्रेकवर सतत पाय ठेवून बसू नये. चकाकी हलकी असेल तर पॉलिश पेपरने ती काढता येते. पॅडला तडे गेले असतील तर तो बदलणेच बरे.

आता एक ताकीद. आवाज बंद करण्यासाठी डिस्कवर तेल, ग्रीस, साबण किंवा गंज सोडवण्याचा फवारा मारण्याचा सल्ला देणारे लोक भेटतात. आवाज खरोखरच बंद होतो. कारण ज्या घर्षणाने आवाज होत होता त्याच घर्षणाने गाडी थांबत होती. आपण दोन्ही घालवली. घरात रात्री कुत्रे भुंकते म्हणून त्याला विष घालावे, आणि मग झोप छान लागली म्हणून समाधान मानावे, तशातला हा प्रकार. दुसरी ताकीद कामगारांसाठी: ब्रेकची भुकटी तोंडाने किंवा हवेच्या नळीने फुंकू नये. जुन्या काळी या मसाल्यात अ‍ॅस्बेस्टॉस सर्रास वापरत, आणि कोणती भुकटी कशाची हे डोळ्यांना कळत नाही. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने ती काढावी.

आणि शेवटी, कोणत्या लक्षणांपुढे तर्क करीत बसू नये, तेही सांगतो. किंचाळण्याऐवजी लोखंडावर लोखंड घासल्याचा जाड आवाज. पेडल मऊ होऊन खाली जाणे. ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढली जाणे. एक चाक इतरांपेक्षा फार तापणे आणि जळका वास येणे. ब्रेक ऑइलची पातळी उतरणे किंवा समोरचा तांबडा दिवा लागणे. चाकापाशी सैल काहीतरी खडखडणे. यांतले एकही लक्षण दिसले तर गाडी हळू चालवत गॅरेजपर्यंत नेऊ, असा विचारही करू नका. गाडी जिथे आहे तिथे सुरक्षित उभी करा आणि मिस्त्रींना तिकडे बोलवा.

बाकीच्या आवाजांसाठी वहीत चार ओळी लिहाव्यात: केव्हा, कोणत्या चाकातून, पाय ठेवल्यावर की काढल्यावर, ठेक्यात की एकसुरी. गॅरेजात गेल्यावर ती वही पुढे करावी आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायला सांगावी. सगळेच एकदम बदलले तर आवाज कदाचित जाईल, पण कशाने गेला ते कोणालाच कळणार नाही; आणि पुढच्या खेपेला पुन्हा सगळ्याचे पैसे मोजावे लागतील. चार ओळी लिहिणारे गिऱ्हाईक मिस्त्रींनाही आवडते. त्यांचा वेळ वाचतो, आपले पैसे वाचतात, आणि घाट उतरताना मागच्या सीटवर झोपलेल्या मुलांची झोप मोडत नाही.